वऱ्हाडातली बेरीज का चुकते?

निवडणुकीचे वारे वाहू लागले की अकोल्याच्या गांधी रोडवर काय किंवा अमरावतीच्या राजकमल चौकात काय, पानठेल्यासमोर एकच गणित मांडले जाते. बौद्ध एवढे, मुसलमान एवढे, माळी आणि धनगर एवढे, कुणबी-देशमुख एवढे, बंजारा, कोळी, हिंदी भाषक एवढे. कोणाची कोणाशी बेरीज करायची हे ज्याच्या त्याच्या पक्षावर अवलंबून असते. पण बेरीज संपली की वाक्य एकच येते, ‘या खेपेले सीट निघते भाऊ!’ निकालाच्या दिवशी पुष्कळदा सीट निघत नाही. मग कोणी फितुरीला दोष देतो, कोणी पैशाला, कोणी यंत्राला. बेरीज करण्याच्या रीतीतच काही चूक असेल, असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही.

ही रीत तपासण्याची वेळ आता आली आहे. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला. या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ हा ठरला आहे. सगळ्या जातींची अशी शिरगणती यापूर्वी १९३१ साली झाली होती. तेव्हापासूनची जवळजवळ शंभर वर्षे आपले राजकारण अंदाजावर चालले. आता छापील आकडे हाती येणार. पानठेल्यावरचे गणित सरकारी शिक्क्यानिशी मांडता येणार, या कल्पनेने प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात उत्साह आहे. विशेषतः जे पक्ष स्वतःला पुरोगामी म्हणवतात, दलित, मुस्लिम, आदिवासी आणि मागास जातींच्या एकजुटीची भाषा बोलतात, त्यांना वाटते आहे की आकडे बाहेर आले की सत्ता आपोआप चालत येईल. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांचा गेल्या पस्तीस वर्षांचा अनुभव या समजुतीला दुजोरा देत नाही.

कागदावरचे बहुमत

आधी अकोला पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या अठरा लाखांहून थोडी अधिक. त्यात साधारण पाचांत एक मुसलमान आणि त्याहून थोडे कमी बौद्ध. अशी रचना महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांची आहे. या दोन समाजांचीच बेरीज पाचांत दोनच्या जवळ जाते. त्यात दोन-तीन मागास जाती मिळवल्या की कागदावर बहुमत तयार. कागदावर पाहिले तर हा जिल्हा पुरोगामी राजकारणाचा बालेकिल्ला असायला हवा.

प्रत्यक्षात १९८९ ते २०२४ या काळात लोकसभेच्या दहा निवडणुका झाल्या. १९८९, १९९१ आणि १९९६ या तीन वेळा अकोल्यातून भारतीय जनता पक्षाचे पांडुरंग फुंडकर निवडून आले. २००४ पासून २०१९ पर्यंत सलग चारदा त्याच पक्षाचे संजय धोत्रे आणि २०२४ ला त्यांचे पुत्र अनुप धोत्रे. मधल्या फक्त दोन निवडणुका, १९९८ आणि १९९९, प्रकाश आंबेडकर यांनी जिंकल्या. दहापैकी आठ आणि दोन असा हा हिशेब आहे.

यावर ठरलेले उत्तर असे की, काँग्रेस आणि आंबेडकर वेगवेगळे लढतात म्हणून मते फुटतात. यात तथ्य आहे. २०२४ ला अनुप धोत्रे यांना सुमारे चार लाख सत्तावन्न हजार मते पडली. काँग्रेसचे अभय पाटील सुमारे चार लाख सोळा हजारांवर राहिले आणि प्रकाश आंबेडकर पावणेतीन लाखांच्या थोडे पुढे. हरलेल्या दोघांची बेरीज जिंकणाऱ्याहून कितीतरी मोठी आहे. २०१४ लाही तसेच होते. पण मधल्या २०१९ च्या निवडणुकीत धोत्रे यांची मते काँग्रेसचे हिदायत पटेल आणि आंबेडकर या दोघांच्या एकत्रित मतांपेक्षाही वीस हजारांहून जास्त होती. पाच वर्षांत ना कोणता समाज जिल्हा सोडून गेला, ना कोणता नवा आला. तरीही बेरीज एकदा पुरली, एकदा पुरली नाही. शिवाय दोन उमेदवारांची मते एकत्र केली की ती तशीच्या तशी तिसऱ्या माणसाला मिळतात, हे गृहीतच चुकीचे आहे. अभय पाटलांना मत देणारा शेतकरी आंबेडकरांना देईलच असे नाही, आणि उलटही नाही. मत ही काही वाहकाला देय असलेली हुंडी नव्हे, की ज्याच्या हाती पडेल त्याने वटवून घ्यावी.

अमरावतीचा दाखला तर आणखी बोलका आहे. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. काँग्रेसचे बळवंत वानखडे यांनी भाजपच्या नवनीत राणा यांना एकोणीस हजारांहून अधिक मतांनी हरवले. संविधानाला हात लागेल ही शंका, सोयाबीन-कापसाच्या भावाची नाराजी आणि दलित-मुस्लिम मतांची एकजूट, अशी कारणे तेव्हा सांगितली गेली. जिल्ह्याची ‘सामाजिक बेरीज’ जमली, असे अग्रलेख निघाले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचे निकाल आले तेव्हा जिल्ह्यातल्या आठ जागांपैकी काँग्रेसच्या वाट्याला एकही आली नाही. दर्यापूरची जागा तेवढी शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाने जिंकली. बाकी सात महायुतीकडे. जून ते नोव्हेंबर हे साडेपाच महिने. एवढ्या काळात गावातल्या म्हशींची संख्यासुद्धा फारशी बदलत नाही, मग जातींची कशी बदलावी? बदलले ते दुसरे काही. ऑगस्टपासून महिलांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये येऊ लागले, प्रचाराचे विषय फिरले, प्रत्येक मतदारसंघात उमेदवाराचे तोंड वेगळे होते. माणसे तीच होती. त्यांच्यापुढचा प्रश्न बदलला होता.

आकडा निर्णयातून येतो

लोकसंख्येचा आकडा हा नैसर्गिक आहे, पावसासारखा वरून पडतो, असे आपण धरून चालतो. वऱ्हाड-नागपूरचा इतिहास निराळे सांगतो. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे अठ्ठावीस लाखांवर गेली. दहा वर्षांत कोणी अठ्ठावीस लाख बौद्ध जन्मले नाहीत की बाहेरून आले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्यानंतर गावोगाव लोकांनी आपण कोण हे नव्याने ठरवले. जगाच्या इतिहासात लोकसंख्येच्या तक्त्यात एवढा मोठा फरक केवळ एका निर्णयाने पडल्याची उदाहरणे विरळा.

आणि हा निर्णय फायद्या-तोट्याचा हिशेब करून झालेला नव्हता. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये आपल्यापुरत्या त्या दिल्या. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत धरले ते १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या काळात. म्हणजे एका पिढीने नोकरी-शिक्षणातला हक्क गमावण्याची तयारी ठेवून आपले नाव बदलले. जी माणसे असा निर्णय घेऊ शकतात त्यांना एखाद्या पक्षाने ‘आपली हक्काची मते’ म्हणून वहीत जमा धरावे, यात त्यांचा अपमान आहे.

कुणब्यांचेही तसेच. वऱ्हाडातला शेतकरी समाज कागदोपत्री मोठ्या प्रमाणात कुणबी म्हणून इतर मागासवर्गात गेला, यामागे डॉ. पंजाबराव देशमुखांची दूरदृष्टी होती असे इथे आवर्जून सांगितले जाते. मराठवाड्यातला त्याच थरातला शेतकरी मराठा म्हणून बाहेर राहिला. आज हैदराबाद गॅझेटच्या नोंदींवरून तिथे जो वाद पेटला आहे, ज्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारला निर्णय काढावा लागला, त्याचे मूळ या फरकात आहे. नांगर तोच आणि ढेकळेही तीच. पण एका जिल्ह्यात तो मागास आणि दुसऱ्यात पुढारलेला. अशा आकड्यांवर कायमच्या बहुमताची इमारत उभी करायची म्हणजे काळ्या मातीत पाया न खोदता भिंत बांधण्यासारखे आहे. वऱ्हाडात घर बांधणाऱ्याला हे सांगायला नको. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला भेग जाते.

‘अकोला पॅटर्न’ म्हणजे काय होते?

तरीही याच मातीत एक प्रयोग झाला. रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात झाली. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे लढे उभारले, तेव्हा या पक्षाची भाषा जातीपलीकडची होती. पुढे गट पडत गेले. एकेका गटाने काँग्रेसशी एक-दोन जागांचा व्यवहार केला आणि बौद्धांची मते ही इतरांच्या बेरजेतली एक रक्कम होऊन बसली. यशवंतराव चव्हाणांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’त रक्कम मांडणारा काँग्रेस पक्ष होता, बाकीचे नुसते आकडे.

अकोल्यात प्रकाश आंबेडकरांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे उलटे करून पाहिले. बौद्धांची मते हा पाया धरायचा, पण उमेदवार शक्य तिथे छोट्या, दुर्लक्षित मागास जातींचा द्यायचा. ज्या जातीला कोणताही मोठा पक्ष तिकीट देत नाही तिला जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत, विधानसभेत उभे करायचे. बंजारा समाजाचे मखराम पवार या प्रयत्नाचे बिनीचे साथीदार होते आणि १९९३ च्या सुमारास बहुजन महासंघ उभा राहिला तो याच विचाराने. त्याच वर्षी नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या पोटनिवडणुकीत आदिवासी समाजाचे भीमराव केराम निवडून आले. पुढे ‘भारिप-बहुजन महासंघ’ या नावाने माळी समाजाचे बळीराम सिरस्कार बाळापुरातून दोनदा, धनगर समाजाचे हरिदास भदे आधी बोरगाव मंजू आणि मग अकोला पूर्वमधून आमदार झाले. अकोला जिल्हा परिषदेवर या पक्षाचा दीर्घकाळ वरचष्मा राहिला.

यात नवे काय होते? खेड्यातला एक बौद्ध मतदार, ज्याला शेजारच्या आळीतून अजून पुरता मान मिळालेला नाही, तो मतदान केंद्रात जाऊन माळ्याच्या, धनगराच्या, बंजाऱ्याच्या नावापुढे शिक्का मारतो. आपल्या जातीचा माणूस नाही, तरी मारतो. हे साधे नाही. देशभरात जात पाहून मत देण्याबद्दल दलितांना बोल लावला जातो. इथे मात्र जातीबाहेर मत देण्याची शिस्त सर्वांत आधी त्यांनीच दाखवली. माझ्या मते अकोल्याने महाराष्ट्राच्या राजकारणाला दिलेली खरी देणगी ही आहे, निवडून आलेल्या आमदारांची संख्या नव्हे.

वाटता येणारी जागा आणि न येणारी

मग हा प्रयोग जिल्हा परिषदेत फुलला आणि लोकसभेत का अडला? गुप्त मतदानात कोणी कोणाला मत दिले हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण जागांची रचना पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. अकोला जिल्हा परिषदेत जागा पुष्कळ. त्या वाटता येतात. एका गटात माळी, दुसऱ्यात कोळी, तिसऱ्यात बौद्ध, चौथ्यात मुसलमान. आज मी तुझ्या माणसाला मत दिले, शेजारच्या गटात तुझी माणसे माझ्या माणसाला देतील, असा व्यवहार डोळ्यांसमोर घडतो आणि नाही घडला तर दुसऱ्या दिवशी बाजारात जाब विचारता येतो. विधानसभेच्या जागा जिल्ह्यात पाच. वाटप अवघड होते. लोकसभेची एकच. ती वाटता येत नाही. तिथे एकाच माणसाला सगळ्यांनी मत द्यायचे असते आणि परतफेड कधी, कशी होणार ते कोणालाच दिसत नाही.

आपल्या घरात उसने देण्या-घेण्याची रीत आहे. शेजारीण वाटीभर साखर घेऊन जाते. परत देताना वाटी काठोकाठ भरून देते. वाटी परत आलीच नाही तर भांडण होत नाही, पण पुढच्या वेळी डबा उघडताना हात आखडतो. वऱ्हाडात बौद्ध मतदाराने दिलेली मते अशी पुष्कळ उसनी आहेत. बौद्ध उमेदवार खुल्या जागेवर उभा राहतो तेव्हा ती वाटी किती भरून परत येते, हा पुरोगामी राजकारणाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणत्याही शिरगणतीत सापडणार नाही.

१९९८ ला ही वाटी भरून आली होती. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. महाराष्ट्र हादरला. रिपब्लिकन गट एकत्र आले, शरद पवारांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने त्यांच्याशी समझोता केला आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सु. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे चौघे लोकसभेत गेले. चारही मतदारसंघ तेव्हा खुले होते. काँग्रेसचा पारंपरिक कुणबी-मराठा, मुस्लिम मतदार त्या वेळी बौद्ध उमेदवाराच्या मागे उभा राहिला. अठ्ठेचाळीसपैकी काँग्रेसला तेहतीस आणि रिपब्लिकनांना चार. पण वर्षभरात ऐक्य मोडले, लोकसभाही विसर्जित झाली आणि तो धडा कोणी पुढे गिरवला नाही.

अमरावतीची गंमत अशी की, २००९ पासून हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. आता इथे जिंकणारा आणि हरणारा दोघेही अनुसूचित जातीचेच असतात. त्यामुळे ‘तू आमच्या माणसाला मत देशील का?’ हा प्रश्न इतर समाजांना कोणी विचारतच नाही. राखीव जागा हवीच. तिच्याशिवाय देशातल्या कितीतरी विधानसभांत दलित दिसलेच नसते. पण राखीव जागेने प्रतिनिधित्व मिळते, शेजाऱ्याचे मन वळवण्याचे काम तिने होत नाही. रा. सु. गवई खुल्या अमरावतीतून जिंकले, त्याचे मोल म्हणूनच वेगळे आहे.

याच अमरावतीने १९८९ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या सुदाम देशमुखांना लोकसभेत पाठवले होते, हे आजच्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. कम्युनिस्टांची या जिल्ह्यात जातीची म्हणून एकही ‘हक्काची’ पेढी नव्हती. पण माणूस कोणासाठी झिजतो हे लोकांना माहीत होते.

अमेरिकेतही हाच हिशेब

ही चूक फक्त आपण करतो असे नाही. अमेरिकेत जातीच्या जागी वंश आहे. मुंबईच्या तरुणांनी १९७२ साली ‘दलित पँथर’ हे नाव तिथल्या काळ्यांच्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले ते उगीच नव्हे, दोन्हींकडची दुखणी नात्यातली आहेत. तिथे गोऱ्यांचे प्रमाण सतत घटते आहे. १९८० च्या सुमारास दर शंभरांत ऐंशी गोरे होते, २०२० च्या जनगणनेत अठ्ठावन्नच्या आत आले. लॅटिन अमेरिकेतून आलेले, आशियाई, मिश्र वंशाचे वाढले. जॉन ज्युडिस आणि रुय टेशेरा या दोन अभ्यासकांनी २००२ साली ‘द इमर्जिंग डेमोक्रॅटिक मेजॉरिटी’ हे पुस्तक लिहिले. त्यांनी कामगारवर्गाला सोडू नका असेही बजावले होते, पण पक्षातल्या अनेकांनी त्यातले सोयीचे तेवढे उचलले: लोकसंख्या बदलते आहे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्य आता कायमचे. २००८ ला बराक ओबामा निवडून आले तेव्हा भाकीत खरे झाल्यासारखे वाटले.

पुढे २०१६ झाले आणि २०२४ झाले. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेवर स्टार नावाचा जिल्हा आहे. तिथे जवळजवळ सगळी वस्ती स्पॅनिश भाषक घराण्यांची. वंशाचा हिशेब धरला तर हा डेमोक्रॅटांचा गड. २०२४ ला त्या जिल्ह्याने शंभराहून अधिक वर्षांत प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला, डोनाल्ड ट्रम्प यांना, कौल दिला. महागाई, रोजगार, सीमेवरची असुरक्षितता, आणि ‘हे लोक आपलेच’ असे गृहीत धरल्याचा राग, अशी कारणे पुढे आली. बेरीज करणाऱ्यांनी माणसाचा वंश मोजला होता. त्याचे महिन्याचे सामान मोजायचे राहून गेले.

खरा बदल कोणता?

लोकसंख्येचा एक वेगळाच बदल वऱ्हाडात गुपचूप चालू आहे आणि त्याची चर्चा पानठेल्यावर होत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली. अकोल्याची अकरा आणि अमरावतीची जेमतेम अकरा टक्के. शिकलेली पोरे पुण्याला, मुंबईला, हैदराबादला चालली. याचा राजकीय परिणाम आधीच झाला आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा सहासष्टवरून बासष्ट झाल्या, लोकसभेच्या अकरावरून दहा. पुढची पुनर्रचना होईल तेव्हा हा काटा आपल्या बाजूने झुकण्याची लक्षणे नाहीत. म्हणजे कोणत्या जातीला ताटातला केवढा वाटा, यावर आपण भांडत बसलो आहोत आणि ताटच लहान होत चालले आहे.

‘अमक्यांची संख्या वाढते आहे’ ही भीतीची पुडी मात्र घरोघर पोचते. या भीतीवर अमरावतीत नोव्हेंबर २०२१ ला आणि अकोल्यात मे २०२३ ला काय झाले ते सर्वांनी पाहिले. एका रात्रीतली दगडफेक दहा वर्षांची बेरीज पुसून टाकते. आकडे शांतपणे पाहावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ आणि हिंदू स्त्रीमागे ३.३ अपत्ये होती. २०१९-२१ मध्ये ती अनुक्रमे २.४ आणि १.९ झाली. दोन्ही उतरल्या आणि अंतरही घटले. मुलगी शाळेत टिकली, लग्न उशिरा झाले, दवाखाना जवळ आला की कोणत्याही धर्माच्या घरात पाळणा कमी हलतो.

बँकेच्या नोकरीत माझी पुष्कळ वर्षे वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या कर्जखात्यांत गेली. तिथे वंश आणि जात यांच्याहून एक मोठे साम्य रोज दिसे: कोरडवाहू जमीन. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी आणि त्यावरच्याला पंचवीस टक्क्यांची सूट अशी रेघ ओढली गेली. ओलिताच्या पाच एकरांत माणूस तरतो; आमच्याकडे दहा एकर कोरडवाहू असूनही पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग उधारीवर आणावा लागतो. त्या रेघेने कापले गेलेले शेतकरी कुणबी होते, माळी होते, बंजारा होते, बौद्ध आणि मुसलमानही होते. त्यांची कोणी बेरीज केली नाही. ती केली असती तर ती जातीच्या कोणत्याही बेरजेहून मोठी झाली असती.

उसने फेडण्याची सुरुवात

मग पुरोगामी पक्षांनी जात विसरावी काय? मुळीच नाही. जात विसरा हा उपदेश बहुधा ज्याला तिचा काटा टोचत नाही तोच करतो. शिरगणती व्हावी, कोणाच्या वाट्याला किती शिक्षण, किती जमीन, किती नोकऱ्या आल्या हे कळल्याशिवाय न्याय करता येत नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘गवळी’ खटल्यात स्थानिक संस्थांतले इतर मागासवर्गाचे आरक्षण आकडेवारीअभावी आणि पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर अडवले, तेव्हा त्याचा पहिला फटका अकोला-वाशीमच्या जिल्हा परिषद सदस्यांनाच बसला. त्यांच्या जागा रिकाम्या होऊन पोटनिवडणुका झाल्या. आकडा नसल्याची किंमत आपण मोजली आहे. पण आकडा न्यायासाठी वापरायचा की मते गृहीत धरण्यासाठी, हे दोन वेगळे रस्ते आहेत.

न्यायाचा रस्ता इथे नवा नाही. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची हाक दिली गेली, तेव्हा विलायतेतून शिकून आलेले पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. ते शेतकरी समाजातले. त्यांना त्यात कोणत्या मतांची बेरीज दिसत होती? अस्पृश्यांपैकी मताचा अधिकार तेव्हा फारच थोड्यांना होता. आधी वाटी भरून देणारा माणूस तो होता, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाला पुढे सगळ्या समाजांत वजन आले.

येत्या काळात जातनिहाय आकड्यांचे तक्ते वर्तमानपत्रांत येतील. घरोघर लोक आपल्या जातीची ओळ बोटाने शोधतील. ते स्वाभाविक आहे. पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षांनी मात्र त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. काँग्रेसने आणि तिच्या मित्रांनी वऱ्हाडातल्या एखाद्या खुल्या जागेवर, जिंकण्याजोग्या जागेवर, बौद्ध उमेदवार उभा करून आपल्या कुणबी-मराठा कार्यकर्त्याला त्याच्यासाठी गावोगाव फिरवून दाखवावे. आणि वंचितांच्या नावाने राजकारण करणाऱ्यांनी ज्या छोट्या जातींना जिल्हा परिषदेत जागा दिली त्यांना पक्षाच्या निर्णयातही जागा द्यावी. कारण सिरस्कार, भदे यांच्यासारखे जुने साथीदार २०२० मध्ये पक्ष सोडून गेले, त्यातही वाटीचाच प्रश्न होता.

हे झाले नाही तर नवे आकडे येतील, नवी बेरीज होईल, आणि निकालाच्या संध्याकाळी तेच वाक्य पुन्हा ऐकू येईल, ‘थोडक्यात गेली भाऊ, नाही तं निघत होती!’